जीव मिल्खा सिंग यांनी कोणत्या मोठ्या गोल्फ स्पर्धा जिंकल्या?

खारघरच्या सिडकोच्या गोल्फ मैदानावर सराव करणाऱ्या आपल्या मुलाने हे नाव प्रथमच ऐकले, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. धावपटू मिल्खा सिंग यांचा मुलगा एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते, याची मला खंत वाटते.

जीव 1993 मध्ये व्यावसायिक झाले आणि 1998 मध्ये युरोपियन टूरवर, म्हणजे व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या युरोपातील मालिकेत, स्थान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. मात्र 1999 नंतर सुमारे सात वर्षे, मनगटाच्या दुखण्यासह, त्यांच्या वाट्याला एकही विजेतेपद आले नाही. ही कोंडी 2006 मध्ये व्होल्वो चायना ओपनने फोडली. त्याच वर्षी स्पेनमधील वाल्देरामा येथे व्होल्वो मास्टर्स त्यांनी अवघ्या एका फटक्याच्या फरकाने जिंकली आणि जपानमध्येही दोन स्पर्धा पटकावल्या. पुढे 2008 मध्ये ऑस्ट्रियातील स्पर्धा आणि सिंगापूर ओपन त्यांच्या नावे झाली. सिंगापूरला मागे पडलेल्यांत पॅड्रिग हॅरिंग्टन आणि एर्नी एल्स हे जगातील आघाडीचे गोल्फपटू होते, यावरून त्या विजयाचे वजन कळावे. आशियाई टूरच्या कमाईच्या क्रमवारीत ते 2006 आणि 2008 असे दोनदा अव्वल राहिले.

माझ्या मते सर्वांत देखणा विजय 2012 च्या स्कॉटिश ओपनचा. आपली फेरी संपवून ते इतरांचे गुण लागण्याची वाट पाहत राहिले, इटलीच्या फ्रान्चेस्को मोलिनारीशी बरोबरी झाली आणि प्लेऑफच्या, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळाच्या, पहिल्याच होलवर त्यांनी बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) साधली. युरोपियन टूरवरील त्यांचे हे चौथे विजेतेपद होते.