गाठ म्हणजे तेच का?

“मॅडम, रिपोर्टात ट्यूमर लिहिलंय की ओ. म्हणजे तेच न्हवं?”

निपाणीकडच्या, विड्या वळणाऱ्या चाळिशीतल्या बाई. ‘कॅन्सर’ हा शब्द त्या तोंडात येऊ देत नव्हत्या. गाठीचा रिपोर्ट घेऊन येणारं जवळजवळ प्रत्येक घर मला हेच विचारतं.

वर्षभर मान दुखत होती. दिवसभर सुपात मान घालून बसणारीची मान दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं. मग विडीला बांधायचं सूत बोटांतून सुटू लागलं, चालताना तोल जाऊ लागला. एमआरआयमध्ये मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याच्या अस्तराची वाढ दिसली, मज्जारज्जूवर दाबणारी. तुकडा तपासल्यावर नाव आलं: टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर.

१९४१ साली याच आजाराला पिग्मेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस, म्हणजे सांध्याच्या अस्तराची एक प्रकारची सूज, म्हटलं गेलं. त्यात ट्यूमर हा शब्दच नव्हता. मोठ्या सांध्यांत हा बहुतेक वेळा गुडघ्यात होतो, मणक्यात फार क्वचित. ही गाठ, अगदी विरळा अपवाद सोडला तर, कॅन्सरची नसते. मात्र शेजारचं हाड पोखरू शकते, काढल्यावर पुन्हा येऊ शकते. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, पण कन्नड-इंग्रजीत, आणि ‘ट्यूमर’ ऐकल्यावर पुढचं बाईंच्या कानात शिरलंच नाही.

घरचे त्यांना मान मोडून देणाऱ्याकडे नेणार होते. एरवी मी निर्णय घरच्यांवर सोडते. त्या दिवशी स्पष्ट ‘नाही’ म्हटलं. मज्जारज्जूवर दाब असताना मानेला झटका दिला तर हातपाय जाऊ शकतात.

मग मुलाला वहीत मराठीतून प्रश्न लिहायला बसवलं. चार प्रश्न झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या, “माझ्या कामानं झालं का, हेबी लिही.” इतके दिवस त्या हेच मनात धरून होत्या. पोरांच्या शिक्षणासाठी रात्रीही विड्या वळल्या, त्याची ही शिक्षा, असं त्यांना वाटत होतं. सर्जननी वही हातात घेऊन सगळी उत्तरं दिली, याचंही: नाही, मान वाकवून बसल्यानं ही गाठ होत नाही. त्या तिथंच रडल्या.

ऑपरेशन झालं, स्क्रू घालून दोन्ही मणके जोडले. मान वळते त्यातलं निम्मं वळण याच सांध्यात असतं, ते गेलं. बोटांत जोर येतोय. दारात कुणी हाक मारली की त्या आता अख्ख्या वळतात. पुढच्या एमआरआयची तारीख मुलानं त्याच वहीत लिहून ठेवलीय.