नटराजाच्या पायाखालचा तो बुटका राक्षस कोण? मूर्तीतल्या बाकीच्या गोष्टींचा अर्थ काय?

तो अपस्मार, तमिळमध्ये मुयलकन. अज्ञानाचं रूप. नीट बघा, तो मेलेला नाही. उजव्या पायाखाली नुसता दाबून ठेवलेला आहे.

आपण घरात शोकेसमध्ये ठेवतो ती मूर्ती तमिळनाडूतल्या चोळकालीन कांस्यमूर्तींवरून आली आहे. शैव सिद्धांतात, म्हणजे तमिळ शैवांच्या तत्त्वज्ञानात, शिवाची पाच कामं सांगितली आहेत आणि ती सगळी या एका नृत्यात दाखवली आहेत. मागच्या उजव्या हातातला डमरू म्हणजे सृष्टी, कारण आधी नाद. मागच्या डाव्या हातातला अग्नी म्हणजे संहार. पुढचा उजवा हात अभय देतो, ती स्थिती, म्हणजे सृष्टीचं रक्षण. टेकलेला पाय तिरोभाव, म्हणजे सत्य झाकून ठेवणं. आणि उचललेला डावा पाय अनुग्रह, म्हणजे कृपा. माझ्या मते मूर्तीचा खरा रोख इथेच आहे: पुढचा डावा हात सोंडेसारखा आडवा येऊन त्याच पायाकडे बोट दाखवतो. भोवतीचं ज्वालांचं वर्तुळ म्हणजे सतत घडणारं-मोडणारं विश्व.

‘तांडव म्हणजे राग’ हे मात्र इथे लागू नाही. तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या मंदिरातल्या नटराजाचं नृत्य आनंदतांडव आहे. जटा उडताहेत, पण चेहरा अगदी शांत.

सगळ्या नृत्यमूर्ती अशा नसतात, बरं का. बदामीच्या पहिल्या लेण्यातल्या सहाव्या शतकातल्या शिवाला अठरा हात आहेत, शेजारी गणपती आहे आणि पायाखाली अपस्मार नाही. आपल्याकडे घारापुरी आणि वेरूळलाही नाचणारा शिव आहे. घारापुरीचा बराच भंगलाय, तरी कमरेचा बाक अजून दिसतो.