बेचाळीस जणींची वेरूळ-अजिंठा सहल

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या ४२ जणी दोन दिवस वेरूळ-अजिंठ्याला जाणार आहोत. मागच्या सहलीत बाटल्या आणि पत्रावळ्यांचा ढीग मागे राहिला, तो टाळायचा आहे. चार पैसे तिथल्या लोकांनाही मिळावेत. काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, आधी वार ठरवा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. बुधवार-गुरुवार घ्या, गर्दी कमी लागेल.

पाणी माणशी दिवसाला ३ लिटर धरा. म्हणजे १२६ लिटर, वीस लिटरचे ७ जार. हेच विकतच्या बाटल्यांवर भागवलं, तर दोन दिवसांत अडीचशे बाटल्या होतात. जार तिरपा करून ओतलात तर पाणी सांडतं. तोंडाला बसणारा हातपंप घ्या. फसगत होते ती अजिंठ्याला. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात, पुढचे ४ किलोमीटर एसटीनं जायचं. जार गाडीतच राहतात आणि वर तहान लागली की बाटली विकत घेतली जाते. म्हणून उतरण्याआधीच प्रत्येकीनं लिटरभराची बाटली काठोकाठ भरावी. मुक्कामी शॉवर नको, बादली घ्या. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा आपलाच मुलूख.

अजिंठ्यात सगळ्या जणी एकदम आत शिरू नका. चित्रं आहेत ती तूस-गवत मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर. श्वासाच्या दमटपणानं तो सुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. चौदा-चौदा जणींचे तीन गट करा : एक लेणी १-२ पाशी, दुसरा १६-१७ ला, तिसरा २६ ला, मग जागा बदला. फ्लॅश बंद, भिंतीला हात नाही. प्रत्येक गटाला परवानाधारक स्थानिक गाईड घ्या.

जेवण तिथल्या बचत गटाला दोन दिवस आधी आकडा आणि आगाऊ रक्कम देऊन सांगा : भाकरी, पिठलं, ठेचा. ऐनवेळी चाळीस जणींच्या भाकरी थापून होत नाहीत, मग गाडी ढाब्याकडे वळते. पत्रावळ्या पळसाच्या मागा. चकचकीत कागदी पत्रावळीला प्लॅस्टिकचा थर असतो, ती कुजत नाही.

पैठणी घ्यायची तर विणकराकडूनच, आणि पदर उलटून बघा. हातमागाच्या पारंपरिक विणीत मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागं लोंबते धागे दिसले, तर हातमागाचा भाव देऊ नका.