घरच्या मशीनवर शनेलसारखी पर्स शिवता येईल का?

शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीची ती शंकरपाळी टिपांची, साखळीवाली पर्स साध्या घरगुती मशीनवर शिवता येईल का, आणि इंदुरात त्यासाठी कापड कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. शिवता येते, आणि फार देखणी होते. मी इंदूरचीच, घरी पर्स शिवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती पर्स फेब्रुवारी 1955 मध्ये आली, म्हणून तिचं नाव 2.55. खांद्याला साखळी, त्यामुळे बायकांचे दोन्ही हात मोकळे, ही तिची खरी कल्पना. दोन गुंतलेल्या ‘सी’ अक्षरांचं कुलूप खूप नंतर, 1980च्या दशकात, शनेलचा तेव्हाचा डिझायनर कार्ल लागरफेल्डने आणलं. म्हणजे ती अक्षरं सोडून दिली तरी मूळ पर्स पूर्ण आपल्या हातात राहते. बाजारात धातूचे तयार लोगो मिळतात, ते कृपा करून लावू नका. विकायला शिवणार असाल तर तो ट्रेडमार्कचा गुन्हा ठरतो, आणि एवढ्या मेहनतीवर दुसऱ्याचं नाव कशाला?

कापड म्हणाल तर माझी पहिली पसंती महेश्वरीला. जुनी साडी असेल तर उत्तम, नाहीतर राजवाड्याजवळ शीतलामाता बाजारात चक्कर मारा. महेश्वरी पातळ असते, म्हणून मागून इस्त्रीने चिकटणारं बकरम लावूनच घ्या. बाग प्रिंट, म्हणजे बाग गावची ठशांची छपाई, तेही छान दिसतं, पण बारीक बुट्टीचं घ्या. दाट नक्षीत टिपा हरवतात. सुती असेल तर आधी धुऊन वाळवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी टिपा, मग कापणं. टिपा मारल्या की कापड आक्रसतं, त्यामुळे मापात कापलेला तुकडा हमखास लहान पडतो. तयार पर्स 24 बाय 16 सेंटिमीटरची हवी असेल तर पुढचा-मागचा तुकडा 30 बाय 22 चा ठेवा. वर कापड, मध्ये तीन-चार मिलिमीटरचा फोम, खाली मलमल. ही मलमल टाळू नका, तिच्यामुळे फोम मशीनच्या दातांत अडकत नाही. साबणाच्या पातळ चकतीने अडीच-अडीच सेंटिमीटरवर, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा आखा. पहिली टीप मधल्या रेघेवर, मग दोन्ही बाजूंना सरकत जा. एका कडेपासून सुरुवात केली तर कापड ढकललं जाऊन दुसऱ्या कडेला सुरकुती जमते. सुई 16 नंबरची, टाका तीन मिलिमीटरच्या पुढे, दोरा पॉलिएस्टरचा. मग मापात कापताना पुढच्या आणि मागच्या तुकड्याची मधली शंकरपाळी एकाच जागी येईल असं बघा. पर्स रेखीव दिसते ती यामुळेच.

जोडताना शिवणीच्या मार्जिनमधला फोम कापून टाका, म्हणजे जाड थर दाबपट्टीखाली सहज जातात. कोपऱ्यावर पॅडलवरचा पाय उचला आणि चाक हाताने फिरवा. झाकणाचं चुंबकी बटण अस्तर लावण्याआधीच बसवा, मागे कॅनव्हासचा तुकडा ठेवून. नाहीतर उघडझाप करताना कापड फाटतं. अस्तराच्या तळाला दहा सेंटिमीटर उघडं सोडा, तिथून पर्स सुलट करा आणि ती फट हाताने शिवून टाका.

साखळीत ओवायला महेश्वरीचा काठ वापरा. हा काठ दोन्ही बाजूंनी सारखा विणलेला असतो. कड्यांतून पीळ पडत गेलेली पट्टी उलटी-सुलटी कशीही दिसली तरी काठाची जर दिसतेच. कापलेली कड तेवढी बारीक दुमडून घ्या. साखळी कापडाला थेट शिवू नका, कॅनव्हास घातलेल्या जागी आयलेट (भोकाला बसवायचं धातूचं कडं) ठोकून त्यातून ओवा.

चामडं मात्र घरगुती मशीनवर घेऊ नका. रेक्झिन चालतं, पण त्याला टाचण्या टोचल्या तर भोकं कायमची राहतात, म्हणून क्लिपा लावा.