मोकाट कोणाला म्हणायचं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कर्द्याच्या समुद्रकिनाऱ्यावरची तुझी बातमी वाचली. ‘मोकाट पर्यटकांनी कर्द्याच्या पुळणीवर गाड्या पळवल्या.’ राग रास्त आहे, शब्द चुकलाय.

तुझ्या घरी गुरं नाहीत, म्हणून गुरांपासून सुरुवात करतो. भात उभं असतं तोवर आपल्याकडे गुराला एक तर दावं, नाही तर मागे गुराखी. त्या दिवसांत एखादी गाय एकटीच मळ्यात शिरली की ती मोकाट. कापणी-झोडणी आटपल्यावर तीच गाय त्याच मळ्यात दिवसभर चरते, तेव्हा आपण म्हणतो, गुरं मोकळी सोडलीत. (शेजाऱ्याने कुळीथ पेरला असेल तर परत मोकाट, आणि संध्याकाळी भांडण.) गाईला यातलं काही ठाऊक नसतं. भांडण होतं ते धन्याशी. कोंडवाड्यात घातलेलं जनावर सोडवायला दंड भरतो तोही धनीच, त्यासाठी 1871 चा कायदा आहे.

तेव्हा ‘मोकाट’ म्हटलं की वाचणारा विचारणार, सोडलं कोणी? पर्यटकांचा धनी कोण रे? त्यांना ‘बेदरकार’ म्हण. दरकार म्हणजे पर्वा, गरज. पुळणीवर पोरं खेळताहेत, जाळी वाळत पडलीत, आणि यांना कशाचीच दरकार नाही. ‘मोकाट’ हवाच असेल तर गाड्या खाली उतरू कोणी दिल्या ते शोध, मग खुशाल लिही.

‘उनाड’ यात आणू नकोस, तो अर्धा लाडाचा शब्द. शाळा बुडवून खाडीवर गरी टाकून बसलेलं पोर उनाड. आजी कपाळावर हात मारते आणि रात्री त्याच माशाचं कालवण करते.

‘स्वैर’ मात्र जपून. अनुवाद स्वैर असला तर कोणी रागावत नाही. बाईला लावलास की ती शिवी होते. मी नवशिका बातमीदार असताना एका मुलीबद्दल तो छापला होता. दुसऱ्या दिवशी तिची आई कचेरीत आली, काही न बोलता तासभर बाकावर बसून राहिली.

आणखी एक, बातमीत भरतीची वेळ नाही. गाड्या रुतल्या म्हणतोस, मग पाणी चढायच्या आत निघाल्या का? ट्रॅक्टर कोणी आणला? उद्या सकाळी जाऊन विचारून ये.