ऊर्जा आणि पोषकद्रव्ये यांचे हिशोब वेगळे ठेवा

परिसंस्थांचा अभ्यास नव्याने सुरू करताना तुम्ही ऊर्जा आणि पोषकद्रव्ये यांचे हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे मांडावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ऊर्जा सूर्याकडून येते, वनस्पतींत साठते आणि प्रत्येक पोषण पातळीवर (वनस्पती, त्यांना खाणारे प्राणी, त्या प्राण्यांना खाणारे असे टप्पे) श्वसनातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. नायट्रोजनचा अणू मात्र पान, अळी, पक्षी, माती असा फिरून पुन्हा पानात येऊ शकतो.

अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी मिनेसोटातील सीडर बॉग तलावाच्या अभ्यासावरून १९४२ मध्ये ऊर्जाप्रवाहाची मांडणी केली. पुढे रूढ झालेला १० टक्क्यांचा नियम, म्हणजे एका पातळीवरील सुमारे १० टक्के ऊर्जाच पुढच्या पातळीला मिळते, हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण बरेच बदलते.

नवशिक्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते विघटकांकडे. जंगलातील बहुतेक पाने कोणी जिवंतपणी खात नाही. ती पालापाचोळा होऊन बुरशी व जिवाणूंकडे जातात आणि त्यांनी मोकळी केलेली द्रव्ये मुळे पुन्हा शोषून घेतात. हे शोषण थांबले तर काय होते, हे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक या संशोधन-जंगलात दिसले: १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून तणनाशकाने नवी वाढही रोखली, तेव्हा ओढ्यातून वाहून जाणारे नायट्रेट कित्येक पटींनी वाढले. हा प्रयोग सावकाश, आलेखांसह वाचा. मला पोषकद्रव्यांच्या चक्राचा अर्थ खऱ्या अर्थाने तिथेच उमगला.

फॉस्फरसचा अभ्यास त्यानंतर करा. त्याला हवेत वायुरूप साठा नाही, त्यामुळे खडकांची झीज हाच त्याचा मूळ स्रोत असतो.