घरात एकत्र राहणाऱ्या लहान कुत्र्यांसाठी चांगला ट्रेनर कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की घरात दोन पॉमेरेनियन माद्या आणि एक शिहत्झू आहे, भांडणं वाढलीत, आणि एक ट्रेनर म्हणतोय, ‘तिघांना पंधरा दिवस माझ्याकडे सोडा, सरळ करून देतो.’ ते ‘सरळ करून देतो’ वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच शब्द माझ्या घरात उच्चारले गेले होते. त्यांची खूण माझ्या बुंदी नावाच्या कुत्रीच्या डाव्या डोळ्याखाली अजून आहे.

आधी थेट सांगते, सोडू नका. भांडण तुमच्या घरात होतंय. तुमच्या सोफ्यावर, दाराच्या बेलवर, तुमच्या मांडीवर कोण बसणार यावरून. परक्या आवारात वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवलेली तीन कुत्री पंधरा दिवस गप्प राहतीलही, पण घरी आल्यावर सोफा तोच, बेल तीच आणि मांडीही तीच. शिवाय तिथे त्यांच्याशी कोण कसं वागतं हे तुम्हाला दिसणार नाही, आणि कुत्री काही घरी येऊन सांगत नाहीत.

आता माझं ऐका. ठमी माझी पॉमेरेनियन, तेव्हा सहा वर्षांची, जेमतेम तीन किलोची. बुंदी डॅशहंड, दोन वर्षांची. पहिलं वर्ष दोघी एकमेकींना टेकून झोपायच्या. मग हळूहळू असं व्हायला लागलं की ठमी सोफ्यावर पडलेली असली आणि बुंदीनं वर उडी घेतली की ठमी गुरगुरायची. एक-दोनदा दात लागले, कातडी फाटली नाही.

माझा मोठा भाऊ तेव्हा आठवडाभर आमच्याकडे होता. दादाकडे जर्मन शेफर्ड आहे, त्यामुळे कुत्र्यांतलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा ठाम समज. त्यानं ठमीकडे बघितलं आणि निकाल दिला, ‘ही घराची राणी झालीय. तू लाडावून ठेवलंयस. हिला तिची जागा दाखवायला पाहिजे.’ आणि आपल्या शेफर्डला ज्यानं शिकवलं तो ट्रेनर त्यानं माझ्याकडे पाठवला.

त्या माणसानं मला एकही प्रश्न विचारला नाही. भांडण कधी होतं, कुठे होतं, ठमीचं वय काय, दुखणं-खुपणं काही आहे का, काही नाही. पिशवीतून चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, काढली आणि ठमीच्या गळ्यात घातली. तीन किलोच्या कुत्रीच्या गळ्यात! मग बुंदीला मुद्दाम जवळ आणायचं, ठमी गुरगुरली की झटका. पुन्हा बुंदी, पुन्हा गुरगुर, पुन्हा झटका. मी तिथेच उभी होते. मला ते बघवत नव्हतं आणि तरी मी थांबवलं नाही, कारण दादा शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

तिसऱ्या दिवशी ठमीनं गुरगुरणं बंद केलं. ट्रेनर म्हणाला, झालं काम. दादा म्हणाला, बघ.

मी खरंच बघितलं असतं तर कळलं असतं. बुंदी जवळ आली की ठमी ताठ व्हायची, तोंड मिटायची, पुन्हा पुन्हा ओठ चाटायची, मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघायची, इतकं की डोळ्याचं पांढरं दिसायचं. भीती गेलीच नव्हती. ‘जवळ येऊ नकोस’ हे सांगायचं तिचं एकमेव साधन तेवढं काढून घेतलं होतं. अकराव्या दिवशी बुंदी नेहमीसारखी सोफ्यावर चढली आणि ठमीनं आवाज न करता तिच्या डोळ्याखाली चावा घेतला. पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा सेंटिमीटर वर असता तर डोळा गेला असता.

त्याच आठवड्यात ठमीला खोकला सुरू झाला, हंस ओरडतो तसा कोरडा, कर्कश. एक्स-रेमध्ये श्वासनळी चपटी होताना दिसली. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींत श्वासनळीच्या कूर्चा मुळातच कमकुवत असू शकतात, तशी तिचीही असणार. पण तोवर ती एकदाही खोकली नव्हती. म्हणून सांगते, लहान कुत्र्याच्या गळ्याला ओढ देणारी कुठलीही वस्तू ज्याच्या पिशवीत असेल त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. छातीवरून जाणारा हार्नेसच हवा. शॉक कॉलरचा, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचा, तर विषयच नको. ‘छोट्या साइझचाही मिळतो’ असं सांगणारे भेटतील. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे, ती उगाच नाही.

दुसरी ट्रेनर मला त्याच डॉक्टरांनी सुचवली. त्या बाईंनी फोनवरच वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. शेवटची पाच भांडणं कुठे झाली? कोण आधी तिथे होतं? तुम्ही कुठे होतात? आणि म्हणाल्या, ठमीचे गुडघे तपासून घ्या, त्याशिवाय मी येणार नाही. मला वाटलं टाळताहेत. डॉक्टरांनी मागच्या डाव्या पायाचा गुडघा चाचपला तर वाटी सरकत होती. लहान जातींत हे सर्रास आढळतं, आणि कधीकधी मालकाला फक्त एवढंच दिसतं की कुत्रं मध्येच दोन पावलं लंगडी घालतं. बुंदी उडी मारून बरोबर त्या पायाजवळ आदळायची. माझी ठमी ‘राणी’ वगैरे काही झाली नव्हती. तिचा पाय दुखत होता आणि तसं ती सांगत होती, आणि आम्ही तिघा मोठ्या माणसांनी मिळून तिचं सांगणं बंद पाडलं.

त्यामुळे माझ्या लेखी निवडीचा पहिला प्रश्न हाच: ‘कुत्रं गुरगुरलं तर तुम्ही काय करता?’ गुरगुरणं मोडून काढतो म्हणाला तर नमस्कार करा. अंतर वाढवतो, कारण शोधतो, डॉक्टरांना विचारतो म्हणाला तर पुढे बोला.

दुसरी गोष्ट, एकत्र राहणाऱ्या कुत्र्यांना तो पहिल्याच दिवशी एकत्र शिकवायला बसला तर त्याला हे काम येत नाही. बाईंनी पहिले तीन आठवडे दोघींना समोरासमोर आणलंच नाही. मध्ये जाळीचं फाटक, जेवण वेगळ्या खोल्यांत, खेळणी उचलून ठेवलेली. प्रत्येकीशी वेगळा सराव, दिवसातून चार वेळा, तीन-तीन मिनिटांचा. स्वतःच्या नावाला वळायचं, स्वतःच्या चटईवर जायचं, दुसरीचं नाव घेतलं तर बसून राहायचं. हे शेवटचं एका कुत्र्याच्या घरात कोणी शिकवतच नाही, आणि जिथे दोन-तीन आहेत तिथे सगळा डोलारा त्यावरच उभा असतो. मग फाटकाच्या दोन बाजूंना, दुसरी दिसली की खाऊ, दिसेनाशी झाली की खाऊ बंद. खाऊ म्हणजे अर्ध्या वाटाण्याएवढा तुकडा, आणि तोही दिवसाच्या जेवणातून वजा. तीन किलोच्या जिवाला मोठ्या कुत्र्याच्या मापानं खाऊ देणारा ट्रेनर महिन्यात वजन वाढवून ठेवतो, मग गुडघ्याचं काय होणार ते तुम्हीच बघा.

बाई आल्या की जमिनीवर बसायच्या, अंग थोडं तिरकं करून. तो पहिला माणूस कधी वाकलासुद्धा नव्हता. घोट्याएवढ्या उंचीच्या प्राण्याला वरून झुकलेला माणूस कसा दिसत असेल याचा विचार ज्यानं केलेला नाही, त्यानं शेफर्ड शिकवावेत.

दादाशी माझा वाद अजून मिटलेला नाही, आणि तुमच्या घरातही असा कोणी दादा किंवा काका असणारच, म्हणून हेही लिहून ठेवते. तो म्हणतो कळपात एक ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांवर हुकमत चालवणारा म्होरक्या, असतो, तो तू व्हायला पाहिजेस. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यात ठेवलेल्या लांडग्यांवरून मांडली. पुढे ती ज्यांच्या लिखाणातून सगळीकडे पोचली, त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे वर चढण्यासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. ज्या लांडग्यांवरून हे आलं त्यांनाच लागू होत नसेल तर माझ्या सोफ्यावरच्या ठमीला काय लागू होणार?

दादाचं दुसरं म्हणणं, ‘लहान कुत्र्यांना कसलं ट्रेनिंग, एका हातानं उचललं की झालं.’ इथेच खरी गोम आहे. २०१० साली ऑस्ट्रियात कुत्रे पाळणाऱ्यांची मोठी पाहणी झाली. त्यात लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करतात, शिकवतातही कमी, असं दिसलं. आणि जिथे शिक्षा वारंवार होते तिथली कुत्री, लहान असोत की मोठी, जास्त आक्रमक दिसली. लहानांमध्ये त्यावर भित्रेपणाही वाढलेला. २०२० मध्ये पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर अभ्यास झाला. झटके देणाऱ्या, ओरडणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत ट्रेनिंगनंतर कॉर्टिसोल जास्त वाढलं होतं, म्हणजे ताण. मी दोन्ही दादाला पाठवलं. ‘वाचतो’ म्हणाला. त्याला चार वर्षं झाली.

आमचं किती सुधारलं विचाराल तर सात महिने लागले. आज दोघी एका खोलीत झोपतात, सोफ्याला पायरी लावलीय, बुंदी विचारल्याशिवाय वर चढत नाही. जेवण मात्र अजून वेगळ्या खोल्यांत, आणि ते तसंच राहणार. हमी देणारा ट्रेनर खोटं बोलतो एवढं लक्षात ठेवा. बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काही घरांत कुत्री कायमची वेगळी ठेवावी लागतात, विशेषतः दोन माद्यांची भांडणं पेटली तर. तुमच्या दोन्ही पॉमेरेनियन माद्याच आहेत, म्हणून हे लपवत नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. गोड बोलणारा प्रत्येक ट्रेनर चांगला असतो असं नाही. नुसता खाऊ वाटत सुटणारेही मी पाहिलेत, कुत्रं काय सांगतंय ते त्यांनाही वाचता येत नाही. प्रमाणपत्र जरूर विचारा, कारण बहुतेक देशांत हा धंदा करायला कसलाही परवाना लागत नाही, पण त्याहीपेक्षा त्याचा एक तास दुसऱ्याच्या घरी बघायला मिळतो का ते विचारा. नाही म्हणाला तर का, ते ऐकून घ्या. घरातल्या घरात रक्त निघालं असेल तर आधी डॉक्टर, मग ट्रेनर. आणि दादाचा शेफर्ड त्या माणसाकडूनच शिकलाय आणि नीट वागतो, हेही खरं आहे. मला तरी त्याचे कान नेहमी, घाबरलेल्या कुत्र्याचे असतात तसे, मागे पडलेले दिसतात.

शिहत्झूबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, की तो ‘मध्येच अचानक दचकून चावतो’. त्याच्या डोळ्यांवर केस येतात का? येत असतील तर ट्रेनर शोधायच्या आधी ते कापून घ्या किंवा वर बांधा. त्याला बाजूनं येणारी पॉमेरेनियन दिसत नसेल, आणि त्यांनाही त्याचा चेहरा वाचता येत नसेल. ट्रेनर बघायला आला आणि त्यानं याला मानगुटीला धरून उचललं, तर तिथेच थांबवा. या आखूड तोंडाच्या जातींचे डोळे इतके उथळ खोबणीत असतात की मानेची कातडी जोरात ओढली तरी डोळा बाहेर येऊ शकतो. मी गप्प उभी राहिले होते तशा राहू नका.